बॉब मार्लेचा जीव फुटबॉलमुळे गेला नव्हता, मग अंगठ्याला झालं काय होतं?

बॉब मार्ले म्हटलं की गोव्याच्या शॅकवर वाजणारी गाणी आणि टी-शर्टवरचा तो जटावाला चेहरा आठवतो. पण हा गडी अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. दुखणं सुरू झालं होतं पायाच्या अंगठ्यापासून.

६ फेब्रुवारी १९४५ ला जमैकातल्या नाईन माईल या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. पुढे आई त्याला घेऊन किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत आली. १९६३ मध्ये पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्यासोबत त्याने बँड काढला आणि रेगे जगभर नेलं. डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोनच दिवसांनी हा स्टेजवर गात होता.

१९७७ मध्ये फुटबॉल खेळताना उजव्या अंगठ्याला लागलं, जखम भरेना. तपासलं तर नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. फुटबॉलमुळे तो झाला नव्हता, दुखापतीमुळे फक्त लक्षात आला. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढा. रास्ताफारी श्रद्धेत शरीराचा भाग कापणं बसत नव्हतं, त्याने नकार दिला. मग नखाखालचा भाग काढून मांडीची त्वचा लावली आणि दौरे सुरू राहिले.

आता मुद्दा असा की, हा कॅन्सर पसरणार की नाही हे ओळखायचं कसं?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, माहितीये ना? तीच लिम्फ नोड. पायातला मेलानोमा बहुतेक वेळा आधी तिथेच पोहोचतो. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवलं, की गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली तर धोक्याचा अंदाज येतो. जितकी जाड, तितका धोका जास्त. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी पुढचा मार्ग मांडला. गाठीजवळ निळा रंग टोचायचा, तो ज्या नोडमध्ये सगळ्यात आधी पोहोचेल तेवढीच काढून तपासायची. ती स्वच्छ, तर बाकीच्याही बहुधा स्वच्छ. आज जाडी १ मिलिमीटरच्या वर असेल तर ही तपासणी सहसा सुचवतात.

बॉबच्या वेळी ही सोय नव्हती. असती तर तो वाचलाच असता असंही नाही, कारण ही तपासणी म्हणजे उपचार नव्हे. पण कॅन्सर किती पुढे गेलाय, हे वेळेत कळू शकलं असतं.

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. कॅन्सर मेंदू, फुफ्फुस, यकृतापर्यंत गेला होता. तरी दोन दिवसांनी पिट्सबर्गला त्याने शेवटचा कार्यक्रम केला. जर्मनीत उपचार झाले, गुण आला नाही. जमैकाला परतताना ११ मे १९८१ ला मायामीत तो गेला.

सावळ्या लोकांना मेलानोमा क्वचित होतो. पण झाला तर बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखालीच. म्हणून नखाखाली नवी काळी रेघ दिसली, तळपायावरचा डाग वाढायला लागला, तर मुका मार समजून सोडून देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.