उस्ताद अल्लादिया खाँ : आवाज हरपल्यावर घराणं उभं करणारे गुरू

गवयाची सगळी मिळकत त्याच्या गळ्यात असते. शेतकऱ्याची जमीन गेली तर तो मजुरी करतो, दुकानदाराचं दुकान बुडालं तर तो दुसरं काही बघतो. पण ऐन उमेदीत गवयाचा आवाजच गेला तर त्यानं काय करायचं? उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यावर ही वेळ आली होती. त्यातून ते सावरले, नव्यानं गाऊ लागले आणि पुढे त्यांच्या तालमीतून महाराष्ट्राला आणि गोव्याला जे गाणं मिळालं, ते आजही मैफलींत ऐकू येतं.

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उनियारा या गावचा. आज हे गाव टोंक जिल्ह्यात येतं. त्यांचं मूळ नाव गुलाम अहमद. आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून या मुलाला अल्लानं दिलेला या अर्थानं ‘अल्लादिया’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम राहिलं. घराणं मूळचं अलिगढजवळच्या अत्रौलीचं. पिढ्यान्‌पिढ्या ध्रुपद गाणाऱ्यांचं हे कुटुंब. आपले पूर्वज शांडिल्य गोत्राचे ब्राह्मण होते, ही आठवणही या मुस्लिम कुटुंबानं जपून ठेवली होती आणि खाँसाहेब ती मोकळेपणानं सांगत.

वडील ख्वाजा अहमद खाँ लवकर वारले. त्यामुळे तालमीची जबाबदारी काका जहाँगीर खाँ यांनी घेतली. आधी काही वर्षं फक्त ध्रुपद, मग त्याहून अधिक वर्षं ख्याल, असा तो शिरस्ता होता. जयपूर तेव्हा गवयांचं माहेरघर होतं. तिथं त्यांना मुबारक अली खाँ यांचं गाणं ऐकायला मिळालं. वळणावळणानं जाणारी, पुढचा स्वर कुठला येणार याचा अंदाज लागू न देणारी त्यांची फिरत तरुण अल्लादियांच्या मनात घर करून बसली.

शिक्षण झालं, नाव होऊ लागलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते संस्थानिकांच्या दरबारांत गाऊ लागले. माळव्यातल्या आमलेटा या छोट्याशा संस्थानात त्यांना आश्रय मिळाला. तिथल्या राजाला गाण्याचं भारी वेड. इतकं, की खाँसाहेबांना उसंतच मिळेना. आश्रयदात्याला नाही म्हणायची सोय नव्हती. गळ्यावर ताण पडत गेला आणि एक दिवस आवाज बसला तो बसलाच. जवळपास दोन वर्षं हा गवई गाऊ शकला नाही. पुढे आवाज परत आला, पण पहिली गोलाई आणि भरदारपणा काही आला नाही.

एखादा हताश होऊन थांबला असता. खाँसाहेबांनी मात्र जो आवाज शिल्लक होता, त्याला पेलेल असं गाणं बांधायला घेतलं. लांबच लांब स्वर लावून श्रोत्यांना जिंकणं आता कठीण होतं. मग त्यांनी बुद्धी आणि लय यांवर भर दिला. मुबारक अलींकडून ऐकलेली वक्र फिरत आणि काकांकडून मिळालेली ध्रुपदाची शिस्त त्यांनी एकत्र आणली. स्वर सरळ रेषेत न जाता एकमेकांत गुंफत जातात, प्रत्येक मात्रेशी नातं राखतात आणि समेवर अलगद येऊन मिळतात, असं हे गाणं. बहुतेक सगळं विलंबित किंवा मध्य लयीच्या तीनतालात आणि खुल्या आकारात. ऐकायला सहज वाटतं, गायला बसलं की घाम फुटतो! शिवाय बसंती केदार, सावनी नट, खोकर, संपूर्ण मालकंस असे अनवट राग त्यांनी प्रचारात आणले. हीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली.

फिरत फिरत खाँसाहेब महाराष्ट्रात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात ठेवून घेतलं. पैलवान, चित्रकार, नट, गवई अशा सगळ्यांना शाहू महाराजांचा आधार होता. कोल्हापूर हेच खाँसाहेबांचं घर झालं. राजस्थानातून आलेलं हे मुस्लिम कुटुंब करवीरनगरीत इतकं मिसळून गेलं, की त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या मंदिरात गायनसेवा करत. तेव्हा त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

इथूनच त्यांच्या शिकवण्याला खरा बहर आला. भाऊ हैदर खाँ, चिरंजीव नसिरुद्दीन, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांना त्यांनी तयार केलंच. पण त्या काळी अनेक उस्ताद आपली विद्या घराबाहेर जाऊ देत नसत, चिजा लपवून ठेवत. खाँसाहेबांनी बाहेरच्या शिष्यांनाही दारं उघडली. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. याच बुवांनी बालगंधर्वांना घडवलं आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाला संगीत दिलं. म्हणजे मराठी माणूस जी नाट्यपदं डोक्यावर घेऊन नाचला, त्यांच्या मागेही खाँसाहेबांच्या तालमीचा धागा आहे.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचं निधन झालं आणि खाँसाहेब मुंबईला आले. त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात गोव्याच्या दोन शिष्या आल्या.

पहिल्या केसरबाई केरकर. लहानपणी अब्दुल करीम खाँ यांच्याकडे आणि पुढे आणखी काही गुरूंकडे त्या शिकल्या होत्या, पण तालीम दर वेळी अर्धवट राहिली होती. खाँसाहेब त्यांना शिकवायला लगेच राजी झाले नाहीत. अखेर १९२१ मध्ये त्यांनी कडक अटी घालून गंडा बांधला. आधीचं सगळं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तासन्‌तास रियाज, तोही वर्षानुवर्षं. खाँसाहेबांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत हे नातं टिकलं.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. नाटक कंपनीतलं काम सुटल्यावर त्या सांगलीत राहत होत्या. खाँसाहेबही तेव्हा सांगलीत मुक्कामाला होते. रस्त्यानं जाताना एका घरातून रियाजाचा आवाज कानावर आला, ते थबकले आणि आत जाऊन शिकवायला लागले. हे वयस्क गृहस्थ कोण, हे मोगूबाईंना सुरुवातीला ठाऊकही नव्हतं. पुढे मुंबईत या तालमीत बऱ्याच अडचणी आल्या. केसरबाईंसारख्या शिष्येला दुसरी तोलामोलाची शिष्या नको होती आणि खाँसाहेबांनाही तो दबाव झुगारता आला नाही. मोगूबाईंना काही काळ हैदर खाँ आणि इतर उस्तादांकडे शिकावं लागलं. १९३४ मध्ये मात्र खाँसाहेबांनी त्यांना पुन्हा जवळ केलं, रीतसर गंडा बांधला आणि शेवटपर्यंत शिकवलं.

कलावंत समाजातून आलेल्या या दोघी. समाज त्यांचं गाणं ऐकायचा, पण मान द्यायला कचरायचा. मुस्लिम उस्तादानं दिलेल्या विद्येच्या बळावर त्यांनी तो मान मिळवला. दोघींनाही पुढे पद्मभूषण मिळालं.

उतारवयात खाँसाहेबांना मोठा घाव सोसावा लागला. अत्यंत प्रतिभावान चिरंजीव मंजी खाँ १९३७ मध्ये वारले. पण शिकवणं थांबलं नाही. मंजी खाँ यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर पोरके झाले होते, त्यांची पुढची तालीम भुर्जी खाँ यांनी पूर्ण केली. धारवाडचा हा लिंगायत गायक पुढे याच घराण्याचा मोठा आधारस्तंभ ठरला.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांनी जगाचा निरोप घेतला. नातू अझीझुद्दीन खाँ यांना त्यांनी आपल्या आठवणी उर्दूत सांगून ठेवल्या होत्या, त्यांचं पुढे इंग्रजीत पुस्तक झालं. गोविंदराव टेंबे यांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं. पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ते कसे गायचे, हे आज कुणालाच प्रत्यक्ष ऐकता येत नाही.

तरीही ते ऐकू येतात. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी हे गाणं आपल्या पद्धतीनं पुढे नेलं. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी आधी भुर्जी खाँ यांच्याकडे आणि नंतर केसरबाईंकडे शिकल्या. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यांतल्या सोनेरी तबकडीवर भारताच्या वतीनं केसरबाईंची भैरवी होती. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. यानं मात्र अजून पुढे चालली आहेत.

आज कोण कुठल्या धर्माचा, कुठली कला कुणाच्या मालकीची, यावर रोज वाद होतात. अशा वेळी कोल्हापूरच्या या उस्तादाची आठवण ठेवायला हवी. ज्याच्या गळ्यातून आवाज गेला, त्यानं आपली विद्या मुलांना दिली, भावाला दिली आणि तितक्याच मनापासून पुण्याच्या बुवांना आणि गोव्याच्या लेकींनाही दिली. गाणं म्हणूनच टिकलं.