पैसा आईच्या हाती

भगिनींनो, पगाराच्या दिवशी पाकीट आधी कोणाच्या हाती पडते? घरी पोचेपर्यंत त्यातले किती उरते? हा प्रश्न केवळ आपल्याच वस्तीतला नाही. इंग्लंडमधील एका बाईने त्यापायी जवळजवळ तीस वर्षे वेचली. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन.

त्यांचा जन्म १८७२ चा. घराणे लिव्हरपूलच्या श्रीमंत व्यापाऱ्यांचे. ऑक्सफर्डला शिकल्या, लग्न केले नाही. लिव्हरपूलच्या गोदीत आज काम मिळाले तर उद्याची शाश्वती नसे. अशा मजुरांच्या कुटुंबांचा जमाखर्च त्यांनी अभ्यासला. १९०९ साली त्या शहराच्या नगर कौन्सिलवर निवडून आल्या, आणि तेथील त्या पहिल्या स्त्री सभासद.

१९१४ साली महायुद्ध पेटले. सैनिकांच्या बायकांना सरकार भत्ता देऊ लागले. मुले जास्त, तर रक्कम जास्त. लिव्हरपुरात त्या वाटपाचे काम रॅथबोनबाईंनी पाहिले. कित्येक बायकांच्या हाती प्रथमच खात्रीचा पैसा येत होता आणि तो मुलांच्या पोटी जात होता. मूल वाढवणे हेही कामच आहे, त्याचा मोबदला समाजाने आईला द्यावा, हे त्यांच्या मनाने तेव्हा पक्के घेतले.

पुरुषाला पगार जास्त का? तर त्याच्यामागे कुटुंब असते म्हणून, असे सांगितले जाई. मग बिनलग्नाच्या पुरुषालाही जास्त का? आणि मुले पोसणाऱ्या विधवेला कमी का? मुलांचा खर्च सरकारने उचलला की ही सबब संपते, असे त्यांनी १९२४ च्या ग्रंथात मांडले. मालक मजुरी कापतील, ही कामगार संघटनांची धास्ती. काही स्त्री-कार्यकर्त्यांना वाटले, अशाने बाई चुलीलाच बांधली जाईल. ही शंका अगदीच पोकळ होती असे मला वाटत नाही.

१९२९ साली त्या अपक्ष म्हणून पार्लमेंटात गेल्या. १९४५ साली कुटुंब भत्त्याचे बिल आले खरे, पण त्यात हक्क बापाचा लिहिला होता! ज्यासाठी जन्म घालवला त्याच बिलाविरुद्ध मत देण्यास बाई उभ्या राहिल्या. सरकारला नमावे लागले. कायद्यात आई आली. पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येकामागे आठवड्याला ५ शिलिंग. रक्कम तोकडीच.

२ जानेवारी १९४६ रोजी रॅथबोनबाई वारल्या. त्याच वर्षी ६ ऑगस्टला इंग्लंडभर आया पोस्टात गेल्या आणि स्वतःच्या हक्काचे पैसे मोजून घेऊन घरी आल्या.