सेनासाहेब सुभा रघूजी भोसले

सिकंदराचे निवडक स्वार उमराव घराण्यांतले असत. मराठी फौजेतील बारगीर मात्र घरचा गरीब असला तरी चाले, कारण त्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. अशाच बारगिरांच्या बळावर रघूजी भोसल्यांनी मोठे राज्य उभे केले.

शाहू महाराजांकडून सेनासाहेब सुभा हे पद मिळालेल्या रघूजींनी देवगडच्या गोंड गादीच्या तंट्यात पडून नागपुरास ठाणे केले. आपला भंडारा प्रांतही भोसल्यांच्या अमलाखाली आला. १७४२ मध्ये त्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना बोलणीसाठी बोलावून दग्याने ठार केले. रघूजी खचले नाहीत. पुन्हा पुन्हा स्वाऱ्या करून त्यांनी १७५१ च्या तहात ओरिसावरील अंमल व सालिना १२ लाख रुपये चौथाई मिळवली. १७५५ मध्ये ते वारले.

हा पराक्रम खराच. परंतु बंगालीत बारगिराचा ‘बर्गी’ झाला. लुटलेल्या, जाळलेल्या गावांतल्या आया त्या नावाने लेकरांना भेडसावू लागल्या, आणि तेथील अंगाईगीतात तो आजही आहे. रघूजींचा अभिमान बाळगताना आपण विद्यार्थ्यांनी ही दुसरी बाजूही विसरू नये.