अ‍ॅनीच्या सहीचा कागद

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण दोन लेकरांना घेऊन माहेरी आली, ती परत गेलीच नाही. महिन्याभराने सासरहून एक स्टॅम्प पेपर आला. समजुतीने वेगळं व्हायचं, मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे, दरमहा अमुक रक्कम, घरावर हक्क नाही. मी लिहिते-वाचते म्हणून ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली. सही करू का, एवढंच तिला विचारायचं होतं.

तो कागद हातात धरल्यावर मला का कोण जाणे, अ‍ॅनी बेझंट आठवल्या. शाळेच्या इतिहासात आपण त्यांना भेटलोय. पांढरे केस, पांढरं वस्त्र. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, त्याच वर्षी बाईंनीही आपली काढली. १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण या बाईंनीही पंचविशीत, दोन मुलं पदरात असताना, असाच एक कागद सही केला होता, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

अ‍ॅनी जन्मली लंडनमध्ये, १८४७ साली. ती पाच वर्षांची असताना वडील गेले. आईने हॅरो गावात घर घेतलं, तिथल्या प्रसिद्ध शाळेतली मुलं राहायला-जेवायला ठेवली आणि त्यावर अ‍ॅनीच्या भावाला शिकवलं. म्हणजे आपल्याकडच्या खाणावळ चालवणाऱ्या मावशींसारखीच ती बाई.

१८६७ मध्ये अ‍ॅनीचं लग्न झालं. नवरा फ्रँक बेझंट, धर्मोपदेशक. शिस्तीचा, शब्द खाली पडू न देणारा. अ‍ॅनी गोष्टी लिहायची. एका गोष्टीचे तीस शिलिंग आले, आयुष्यातली पहिली कमाई. काय काय करावं या पैशांचं, अशा आनंदात ती होती. तेवढ्यात कळलं की पैसे तिचे नाहीतच! तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने बायकोची कमाई नवऱ्याची. बायकोच्या कमाईवर तिचा हक्क मानणारा कायदा तिथे आला १८७० मध्ये, आणि मालमत्तेवरचा पुरा हक्क मिळायला १८८२ उजाडलं.

१८६९ मध्ये डिग्बी झाला, १८७० मध्ये मेबल. तान्ही मेबल डांग्या खोकल्याने मरता मरता वाचली. त्या उशाशी काढलेल्या रात्रींनी अ‍ॅनीचा देवाधर्मावरचा विश्वास डळमळला. त्यात नवऱ्याचं वागणं. त्याने हात उचलल्याचंही तिने पुढे कोर्टात सांगितलं. १८७३ मध्ये गोष्ट टोकाला गेली. नवऱ्याने दोनच रस्ते ठेवले. चर्चमध्ये सगळ्यांसारखं प्रसाद घेऊन गप्प राहायचं, नाहीतर घर सोडायचं.

तिने घर सोडलं.

आता बघा, पुढचं किती ओळखीचं आहे. भाऊ धावून आला. त्याने मध्यस्थी करून करार घडवून आणला. मुलगी आईकडे, मुलगा वडिलांकडे, आणि थोडी पोटगी. ती इतकी थोडी की इभ्रतीने उपाशी राहता यावं. भावाने स्वतःच्या घरात जागाही देऊ केली, पण एका अटीवर. तिचे ते नास्तिक मित्र सोडायचे आणि शांत बसायचं. एका घरातून ज्या कारणाने निघाली, तीच अट दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर! तिने नाही म्हटलं.

मग सुरू झाली जागेची वणवण. आईचा पैसा एका विश्वासातल्या वकिलाने आधीच बुडवला होता, त्यामुळे तिचाही आधार नाही. अ‍ॅनीने शिवणकाम करून पाहिलं, त्यात जेमतेम साडेचार शिलिंग सुटले. फोकस्टोन गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी मुलांना शिकवायचं काम धरलं, तेही फक्त राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात, कारण मेबलला सोबत ठेवता येत होतं. १८७४ मध्ये लंडनजवळ छोटंसं घर भाड्याने घेतलं. आईला तिथे आणावं, तिघी सुखाने राहाव्यात असं मनात होतं. पण त्याच मे महिन्यात आई गेली. किडूकमिडूक दागिने, चांगले कपडे विकून दिवस काढले. काही दिवस ती सकाळीच ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात अभ्यासाला निघून जायची. जेवण बाहेरच होईल, असं घरी सांगायची. ते जेवण कधी झालेलंच नसायचं. हे वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी बायांचे उपास आठवले. घरात एकाचंच पुरेल एवढं असलं, की आपल्याला नेमका उपास असतो!

त्याच वर्षी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या वृत्तपत्रात लिहायचं काम मिळालं, आठवड्याला एक गिनी. आता गाडी रुळावर येणार, असं वाटलं. पण १८७७ मध्ये ब्रॅडलॉंबरोबर तिने संततिनियमनाची माहिती देणारी पुस्तिका छापली आणि दोघांवर खटला झाला. नवऱ्याने ही संधी साधली. १८७८ मध्ये तो मेबलसाठी कोर्टात गेला. करारात मुलगी आईला दिली होती ना? पण १८७३ च्या कायद्यात एक मेख होती. असा करार मुलाच्या हिताचा नसेल तर कोर्टाने तो मानायचा नाही. आई नास्तिक, तिने असली पुस्तिका छापली, म्हणून मुलीचं हित बापाकडे, असं न्यायाधीशांनी ठरवलं. आठेक वर्षांची मेबल नेली गेली. रिकाम्या घरात अ‍ॅनी अंथरुणाला खिळली.

पुढे तर कहरच झाला. मुलीचा करार मोडला, मग मलाही करारातून मोकळं करा, असं तिचं म्हणणं. पण कोर्ट म्हणालं, तुला बांधणारी कलमं कायम. म्हणजे तिच्या फायद्याचं कलम गेलं आणि तोट्याची राहिली.

अपिलात तिला मुलांना भेटायचा हक्क मिळाला. पण त्या भेटींनी मुलांचीच ओढाताण होते, हे पाहून तिने भेटणं थांबवलं. मोठी होतील तेव्हा येतील, या आशेवर ती राहिली. आणि दोघंही आली! मोठं झाल्यावर डिग्बी आणि मेबल आईकडे परतली. मधल्या काळात बाई थांबली नव्हती. १८८८ मध्ये लंडनच्या आगकाड्यांच्या कारखान्यातल्या मुलींच्या संपात ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. १८९३ मध्ये भारतात आली आणि इथलीच झाली. १९३३ मध्ये मद्रासजवळ अड्यारला तिने देह ठेवला.

हे सगळं मी मावसबहिणीला सांगितलं. ती म्हणाली, बाई मोठी, मी साधी. मी म्हटलं, सही करताना तीही साधीच होती गं.

तिच्या काळी नव्हतं, ते आज आपल्याला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर कुणाच्याही नावावर असो, छळ सोसणाऱ्या बाईला राहत्या घरातून कायद्याशिवाय कुणी हुसकावू शकत नाही. मालकी मिळत नाही, आसरा मिळतो. स्त्रीधन तिचंच. मुलांच्या पोटगीचा हक्क आईच्या सहीने संपत नाही. पण मुलांचा ताबा ठरवताना कोर्ट आजही त्यांचं हितच बघतं, कागद नाही. म्हणून मुलांची शाळा, दवाखाना, खर्च कोण बघतं, याच्या पावत्या जपून ठेवायच्या.

आम्ही त्या दिवशी सही केली नाही. तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदा सल्ला मिळतो, तिथे गेलो. वकीलबाईंनी पेन्सिलीने दोन कलमांवर खुणा केल्या. घराच्या आणि मुलाच्या. बोलणी अजून चालू आहेत. बहिणीने सकाळी डबे करायला घेतलेत. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात. पहिल्या महिन्याचं पासबुक दाखवायला ती आली, तेव्हा मला ते तीस शिलिंग आठवले.