ब्रूस ली

ब्रूस ली (जन्म : सॅन फ्रान्सिस्को, अमेरिका, २७ नोव्हेंबर १९४०, मृत्यू : हाँगकाँग, २० जुलै १९७३) हे चिनी वंशाचे अमेरिकी अभिनेते आणि युद्धकलातज्ज्ञ होते. हॉलिवूडने दुय्यम भूमिकांपुरते मर्यादित ठेवलेल्या या कलावंताला हाँगकाँगच्या अल्पखर्ची सूडपटांनी नायकपद मिळवून दिले.

सुरुवातीचे जीवन

त्यांचे वडील ली होई-चुएन हे कॅन्टनी संगीत नाटकांतील नट होते. वडिलांच्या अमेरिका दौऱ्यात ब्रूस यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे बालपण हाँगकाँगमध्ये गेले. तेथे त्यांनी बालकलाकार म्हणून अनेक चित्रपटांत कामे केली. किशोरवयात त्यांनी इप मान यांच्याकडे विंग चुन या कुंग फू प्रकाराचे शिक्षण घेतले.

अमेरिकेतील कारकीर्द

१९५९ साली ते अमेरिकेस गेले. सिॲटल येथे त्यांनी कुंग फू शिकवण्यास प्रारंभ केला. १९६४ मध्ये लिंडा एमरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 'द ग्रीन हॉर्नेट' (१९६६-६७) या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी नायकाचा साहाय्यक केटो साकारला. ठरावीक पवित्र्यांत न अडकणारी 'जीत कुन दो' ही पद्धतीही त्यांनी याच काळात विकसित केली. पुढे 'कुंग फू' मालिकेतील मुख्य भूमिकेसाठी त्यांचा विचार झाला. परंतु ती डेव्हिड कॅराडाइन यांना मिळाली.

सूडपट

१९७१ मध्ये रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्ट या संस्थेशी ली यांनी दोन चित्रपटांचा करार केला. त्यांपैकी पहिला 'द बिग बॉस' सुमारे १ लाख डॉलर खर्चात थायलंडमध्ये चित्रित झाला. बर्फाच्या कारखान्यातील मजूर चेंग हा न लढण्याच्या वचनाने बांधलेला असतो. बर्फाच्या लाद्यांतून होणारी अमली पदार्थांची चोरटी वाहतूक उघड होते आणि आप्तांची हत्या होते, तेव्हा तो मालकावर सूड उगवतो. अखेरीस पोलिसांच्या स्वाधीन होतो. या चित्रपटाने हाँगकाँगमधील उत्पन्नाचा उच्चांक मोडला.

'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) या चित्रपटात शांघायमधील शिष्य चेन झेन गुरूच्या हत्येचा सूड घेतो आणि बंदुकांसमोर झेप घेऊन मरण पत्करतो. परकीय सत्तेकडून होणाऱ्या अवमानाचा संदर्भ असल्याने ही कथा चिनी प्रेक्षकांच्या मनाला भिडली. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक लो वेई होते आणि दोहोंतही सूडाची किंमत नायकालाच मोजावी लागते. त्यानंतरच्या 'द वे ऑफ द ड्रॅगन'चे लेखन व दिग्दर्शन ली यांनी स्वतः केले.

मृत्यू

मेंदूला सूज आल्याने वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या सहकार्याने तयार झालेला 'एन्टर द ड्रॅगन' त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. ज्या जागतिक यशासाठी ते झटले, ते पाहणे त्यांना लाभले नाही. सिॲटलच्या लेक व्ह्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. १९९३ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी मृत्यू पावलेले त्यांचे अभिनेते पुत्र ब्रँडन यांचे दफनही तेथेच शेजारी करण्यात आले.