शंकर आबाजी भिसे

शास्त्राभ्यासास मोठी प्रयोगशाळा व नामांकित शिक्षक हवेच, असा पुष्कळांचा समज असतो. मुलास चांगल्या शिकवणीवर्गात प्रवेश न मिळाल्यास त्याचे पुढे कसे होणार, ही चिंता नांदेड व लातूर येथील अनेक पालकांस लागलेली आम्ही पाहतो. अशांनी भिसे यांच्या चरित्राकडे अवश्य लक्ष द्यावे.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. यंत्रशास्त्र शिकण्याच्या कामी 'सायंटिफिक अमेरिकन' हे अमेरिकेतील नियतकालिकच त्यांचे गुरू झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण घरीच तयार केले. हवा न लागू देता बंद पात्रात कोळसा तापविला असता ज्वालाग्राही वायू निघतो, हे वाचणे सोपे. परंतु ते स्वतः सिद्ध करण्यास किती विचार व किती धीर लागला असेल बरे!

पुढे वजन करणाऱ्या स्वयंचलित यंत्राबद्दल त्यांस लंडन येथील स्पर्धेत पारितोषिक मिळाले. दादाभाई नौरोजी यांनी त्यांस तेथे साहाय्य केले. छापखान्याचे खिळे त्वरेने ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी शोधून काढिले. परंतु भांडवलाअभावी त्याचा प्रसार झाला नाही. तरीही न खचता त्यांनी अमेरिकेत जाऊन संशोधन चालू ठेविले. १९३५ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, जिज्ञासा ही ईश्वराची देणगी आहे. ती शुल्क भरून मिळत नाही. शाळेच्या ग्रंथालयातील एखादे शास्त्रीय पुस्तक आजच घरी न्या, आणि समजेपर्यंत ते सोडू नका.