महाराजांची मोटार

माणिकबागेवरून आपण कितीदा जातो, पण महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. वडिलांनी १९२६ साली गादी सोडली तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडात झाले. मोटारींचा भारी शौक! त्यांची १९३५ ची ड्यूझेनबर्ग एसजे म्हणजे अमेरिकेचे इंजिन आणि लंडनच्या गर्नी नटिंगची बॉडी. रंग नारिंगी-काळा, सिलिंडर आठ, कंपनीच्या हिशेबाने ३२० अश्वशक्ती, आणि बसायला जागा फक्त दोघांना! १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले. पुढे माणिकबागेत उत्पादन शुल्काचे कार्यालय आले आणि मोटार अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. त्यांनी ती मनापासून जपली, हे कबूल. पण इंदूरच्या मुलांना ती फोटोतच दाखवावी लागते, याची आम्हांला रुखरुख वाटते.